जीएसटीचा दर बदलल्याची बातमी आली, पण लागू व्हायला वेळ आहे: जुन्या मालाचं काय करायचं?

वहीपेन
रविवार, त्यामुळे चॅनेलवर पुन्हा जीएसटी. श्रेय कोणाचं यावर प्रवक्ते तासभर भांडतात, गल्ल्यावर बसणाऱ्याचा प्रश्न कोणी घेत नाही. २०२५ मध्ये परिषदेचा निर्णय ३ सप्टेंबरला आला आणि दर लागू झाले २२ सप्टेंबरला. मधले १९ दिवस गिऱ्हाईक नवा भाव मागतं आणि फळीवर जुन्या एमआरपीचा माल. पुन्हा अशी वेळ आली तर किराणा-स्टेशनरीवाल्याने आधी काय उरकावं? खरेदीवर भरलेला जास्तीचा कर बुडतो का?

कच्चं_बिल
नियमित नोंदणी असेल तर बुडत नाही. १८ टक्क्यांनी घेतलेला साबण ५ टक्क्यांनी विकला तरी लेजरमधलं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) तसंच राहतं आणि पुढच्या विक्रीच्या करात वळतं होतं. रोख परतावा मात्र मागता येत नाही.

खरी गोची शून्यावर गेलेल्या मालात. वह्या १२ वरून शून्यावर गेल्या. दर लागू होण्याच्या आदल्या रात्री शिल्लक वह्यांची करापूर्वीची खरेदी ₹४०,००० असेल तर ₹४,८०० चं क्रेडिट उलटवावं, म्हणजे सोडून द्यावं लागतं. म्हणून नव्या दरांची यादी आली की आधी शून्यावाला माल शोधा. जास्तीचा साठा तारखेआधीच वितरकाला परत करता आला तर उत्तम. उरलेल्याची मोजदाद खरेदी बिल क्रमांकासकट लिहून ठेवा, नंतर आठवून काही जुळत नाही. आणि यादी नीट वाचा: पावतीपुस्तकं, रजिस्टर, डायऱ्या त्या शून्यात नाहीत. ‘वही’ म्हणून सगळं एकाच एचएसएन कोडखाली (वस्तूच्या कर-वर्गाचा क्रमांक) टाकलं की घोळ.

तागडी
सर्वात जास्त चुका बिलिंगमध्ये होतात. विक्री किंमत करासहित भरलेली असते. नुसती टक्केवारी १८ ची ५ केली तर बिलाची रक्कम तीच राहते आणि फरक गुपचूप तुमच्या मार्जिनमध्ये जातो. गिऱ्हाईक १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतं तेव्हा लक्षात येतं. किंमतही बदला: जुनी किंमत गुणिले १०५ भागिले ११८. ₹९० ची वस्तू ₹८०.०८ होते. १२ वरून ५ असेल तर भागिले ११२. १८ वरून ५ वर आलेला ₹१० चा बिस्किटपुडा ₹८.९० वर येतो. आता दहा पैसे कुठून आणायचे ते अर्थमंत्र्यांना विचारा!

जुन्या आयटमवरच दर खोडून नवा लिहू नका. लागू तारीख टाकायची सोय असेल तर ती वापरा, नसेल तर नवा आयटम उघडा. कारण २० तारखेला विकलेला माल २५ ला परत आला तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याची पावती) जुन्याच दराने निघते.

कच्चं_बिल
कंपोझिशनवाल्यांसाठी, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्का कर भरणाऱ्या छोट्या दुकानदारांसाठी, वेगळं सांगतो. त्यांचा १ टक्का तसाच राहतो आणि खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मुळातच नसतं. जुना साठा नव्या भावाने विकला की फरक त्यांच्याच खिशातून जातो. त्यांनी बातमी आली त्याच दिवशी वितरकाकडे भावफरकाची क्रेडिट नोट मागावी, तीही शिल्लक नगांच्या यादीसकट. नियमित नोंदणीवाल्यांनी नोट कुठली ते पाहावं: तीत जीएसटी दाखवला असेल तर तेवढं क्रेडिट सोडावं लागतं, नुसती व्यापारी नोट असेल तर नाही.

वहीपेन
उपयोगी आहे. आगाऊ पैसे घेतलेल्या ऑर्डरला कुठला दर?

तागडी
माल देणं, बिल आणि पैसे, या तिन्हींपैकी दोन गोष्टी दर लागू होण्याच्या तारखेच्या ज्या बाजूला पडतील तो दर. आगाऊ पैसे आधी आले, पण बिल आणि माल २२ नंतर, तर नवा दर. माल आणि बिल आधी, उधारी नंतर वसूल झाली, तर जुना.

चेकने घेत असाल तर आणखी एक पाचर आहे. वहीत नोंद आधीची असली तरी पैसे खात्यात दर बदलल्यापासून कामाचे चार दिवस उलटल्यावर जमा झाले, तर खात्यात जमा झाल्याची तारीखच धरतात. बिल आणि माल यांच्यात आधी-नंतर असेल तिथे निकाल त्या चेकवर लागतो. असे चेक शनिवारपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवू नका.