मदत हवी आहे : दोन मुले, गृहकर्ज आणि एकाच पगारावर येण्याचा विचार

नमस्कार. आम्ही डोंबिवलीत राहतो. मुलगा सात वर्षांचा असून दुसरीत आहे आणि मुलगी नुकतीच दोन वर्षांची झाली आहे. आजवर मुलांना सासूबाई सांभाळत होत्या, म्हणून ठाण्याच्या एका खासगी कंपनीतील लेखा विभागातली नोकरी मी निर्धास्तपणे करू शकले. आता सासऱ्यांना गावी एकटे ठेवणे शक्य नसल्यामुळे दिवाळीनंतर त्या दापोलीला परतणार आहेत आणि ते ठरल्यापासून मी नोकरी सोडावी का, हा एकच विषय घरात चालू आहे.

माझ्या पतींच्या हाती दरमहा ६२,००० रुपये येतात, माझ्या ४१,०००. गृहकर्जाचा हप्ता ३१,५०० रुपये आहे, तो अजून १४ वर्षे चालायचा आहे आणि कर्ज दोघांचे उत्पन्न धरूनच मंजूर झाले होते. धाकटीचे पाळणाघर आणि शाळा सुटल्यावर थोरल्यालाही तेथेच ठेवणे, याचे मिळून १५,००० रुपये होतील. त्यात माझा लोकलचा पास, पोळ्यांच्या बाई आणि डबा जमला नाही त्या दिवशीचे बाहेरचे खाणे धरले, तर माझ्या पगारातले जेमतेम २०,००० उरतात, असा हिशेब मोठ्या दिरांनी कागदावर मांडून दाखवला आणि ‘एवढ्यासाठी कशाला दगदग?’ असे विचारले.

मला खटकते ते इथेच. मुले दोघांची आहेत, मग पाळणाघराची फी माझ्याच पगारातून का वजा करायची? ती एकत्रित १,०३,००० रुपयांतून वजा केली, तर ८८,००० उरतात. मी घरी राहिले तर ६२,०००, आणि त्यातलेही निम्म्याहून अधिक हप्त्यात जातील. (पतींनी नोकरी सोडावी, हा पर्याय कोणी उच्चारलासुद्धा नाही. त्यांचा पगार जास्त असल्याने मीही तो धरत नाही, पण उच्चारायला काय हरकत होती?) ही तूट त्यांनी अधिक पगाराची नोकरी शोधून भरून काढावी, असेही सुचवले गेले. परंतु आपल्याकडे आयकर नवरा-बायकोच्या एकत्रित उत्पन्नावर नव्हे, तर प्रत्येकाच्या उत्पन्नावर वेगळा लागतो. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२.७५ लाखांपर्यंत कर भरावा लागत नसल्याने आज आम्हा दोघांनाही कर नाही. १,०३,००० रुपये एकट्याने हाती आणायचे, तर वार्षिक पगार या मर्यादेच्या जवळ जाईल आणि ती ओलांडली, तर कर लागेल.

शिवाय ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षे सलग सेवा लागते, माझी सव्वाचार झाली आहेत. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनसाठी दहा वर्षे हवीत, मागची नोकरी धरून माझी आठ झाली. ती पुढच्या नोकरीत जोडता येतात, ग्रॅच्युइटीचे तसे नाही. सासूबाईंचे नावही माझ्याच कार्यालयाच्या आरोग्य विम्यात आहे.

तरीही मी ठामपणे नाही म्हणू शकत नाही. गेल्या महिन्यात धाकटीला सवय व्हावी म्हणून दोन आठवडे पाळणाघरात ठेवले, तर तिला दोनदा ताप आला आणि दोन्ही वेळा रजा मलाच घ्यावी लागली. पाळणाघर सात वाजता बंद होते. एके दिवशी गाड्या रखडल्या तेव्हा मी पोचेपर्यंत आठ वाजले होते आणि ती दाराशी चप्पल घालून बसली होती. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे पाळणाघराची सोय करणे कायद्याने बंधनकारक आहे, पण आमच्या कार्यालयात आम्ही अडतीसच आहोत.

कर्ज चालू असताना ज्यांनी एका पगारावर संसार चालवला, त्यांना सर्वांत आधी कशाची ओढाताण जाणवली आणि मुलांना त्यातून खरोखर काय मिळाले, हे कृपया सांगावे. लेखा विभागात काही वर्षांच्या खंडानंतर परतलेल्यांना कोणत्या पदावर आणि किती पगारावर सुरुवात करावी लागली, हेही कळले तर बरे होईल. राजीनामा न देता काही महिने बिनपगारी रजा किंवा अर्धवेळ काम कोणी मागून घेतले असल्यास ते कसे जमवले, हे मला विशेष हवे आहे, कारण आमच्याकडे दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि दिवाळी आता फार दूर नाही.