परदेशात चाखलेली कुकी, कोकणातल्या घरी : तुमचे अनुभव सांगा

नोकरीला, मुलांकडे, नाहीतर बोटीवर, बाहेर गेलेलं माणूसच नाही असं घर आपल्या कोकणात शोधावं लागेल, आणि तिकडची एखादी चव सोबत येतेच. तर तिकडची कुठली पारंपरिक कुकी तुम्ही इथे करता, काय बदललंत आणि काय अजिबात बदलू दिलं नाहीत ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

वेंगुर्ला

आम्ही काही वर्षं नेदरलँड्सला उत्रेख्तमध्ये होतो. तिकडे ५ डिसेंबरची संध्याकाळ सिंटरक्लासची, म्हणजे मुलांना भेटी देणाऱ्या संत निकोलसची, त्यामुळे नोव्हेंबर लागला की बेकऱ्यांतून स्पेकुलास या मसालेदार बिस्किटांचा वास सुटतो, दालचिनी लवंग जायफळ सुंठ वेलची पांढरी मिरी सगळं एकत्र. आपल्या गावात डच वखारीची ती पडकी इमारत आहे ना, सतराव्या शतकातली, लहानपणापासून तिच्यावरून जातोय आपण, पण जिने ती बांधली त्याच कंपनीच्या जहाजांतून हे मसाले हॉलंडला जायचे आणि त्यातूनच हे बिस्किट घडलं हे तिकडे गेल्यावर लक्षात आलं. तेव्हाच ठरवलं की परत गेल्यावर हे आपल्या परड्यातल्या जायफळाचं करायचंच.

मैदा २५० ग्रॅम, बटर १२५, ब्राऊन शुगर १२५, मसाला एक मोठा चमचा, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि मळायला दोन चमचे दूध. साखरेऐवजी गूळ घातला तर चव सुंदर येते पण बिस्किट लवकर मऊ पडतं, म्हणून मी निम्मा गूळ निम्मी साखर घेते. पीठ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायचंच, त्याशिवाय मसाला मुरत नाही आणि ठसाही टिकत नाही. तिकडे वर बदामाचे काप लावतात, मी काजूचे लावते, वेंगुर्ल्यात राहून बदाम कशाला विकत आणायचे! १७० डिग्रीला साधारण वीस मिनिटं.

पण स्पेकुलासचा खरा जीव साच्यात. पवनचक्की नाहीतर सिंटरक्लासची आकृती उलटी कोरलेली लाकडी फळी असते. मी फोटो घेऊन सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्या एका काकांकडे गेले, त्यांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "पाती इतकी बारीक नको गो, पीठ आत अडाकतला." त्यांनी फणसाच्या लाकडात कोरून दिला, पाती जरा रुंद, खोबणीच्या कडा आत न वळवता बाहेरच्या बाजूला उतरत्या. तांदळाचं पीठ भुरभुरवायचं, गार गोळा दाबून बसवायचा, सुरीने वरचं जास्तीचं पीठ कापून टाकायचं आणि फळी ओट्यावर आपटायची की अख्खी पवनचक्की सुटून येते. तिकडेही साच्याला तांदळाचंच पीठ लावतात, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

रत्नागिरी, खाडीपट्टा

अब्बा कुवेतला होते, माझं लहानपण तिकडेच गेलं. शेजारी एक पॅलेस्टिनी खाला राहायच्या, ईदच्या आधी त्यांच्याकडे मामूल व्हायचे आणि आम्ही पोरं खजूर मळायला बसायचो. मामूल म्हणजे रव्याची पारी आणि आत खजूर, पिस्ता नाहीतर अक्रोड. बारीक रव्याला कोमट तूप चोळून रात्रभर झाकून ठेवायचं, दाणा फुलतो, मग सकाळी गुलाबपाणी शिंपडून हलक्या हाताने एकत्र करायचं, पुरीच्या पिठासारखं तिंबायचं नाही. त्यात महलब घालतात, जंगली चेरीच्या बियांतल्या गराची पूड, ती इथे मिळत नाही म्हणून मी सारणात वेलची घालते. वास वेगळा येतो, पण अम्मी म्हणते हाच आता आपल्या घरचा. एक मात्र मी बदलत नाही, मामूल वरून लाल होऊ द्यायचे नाहीत, खालून जरा रंग आला की बाहेर, नाहीतर ते कोरडे ठणठणीत होतात. आता ईदला शिरखुर्म्याच्या ट्रेमध्ये मामूल नसले तर पाहुणेच विचारतात.

मालवण

माझा अनुभव मॉरिशसचा. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर कामाला गेलेल्या लोकांत आपल्या रत्नागिरीकडचेही होते, त्यांची पुढची पिढी अजून गणपती बसवते, तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. ज्या घरी राहिलो तिथल्या काकींनी चहाबरोबर नापोलितेन दिली. मैदा आणि बटरच्या, बिनसाखरेच्या दोन चकत्या, मध्ये जॅम, वरून गुलाबी आयसिंग. दिसायला खेळण्यातली वाटते पण खाल्ली की विरघळते. मी जॅम करवंदाचा घालते आणि रंग कोकमाचा. त्यासाठी आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं, बिनमिठाची सोलं थोड्या पाण्यात भिजवून ते पाणी आयसिंग शुगरमध्ये थेंब थेंब घाला. रंग तर येतोच, वर आंबटसर चव येते आणि आयसिंगचा मिट्ट गोडवा मोडतो. मला तर मूळ नापोलितेनपेक्षा हीच आवडते, स्पष्टच सांगतो.

दापोली

लेक मेलबर्नला, म्हणून अँझॅक बिस्किटं शिकले. तिकडे २५ एप्रिलला, पहिल्या महायुद्धात १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला लढलेल्या त्यांच्या सैनिकांची आठवण ठेवतात त्या दिवशी, घरोघरी करतात. ओट्स, मैदा, साखर, किसलेलं सुकं खोबरं, बटर, अंडं नाही. गोल्डन सिरपच्या जागी काकवी. बटर काकवी तापवून त्यात गरम पाण्यात विरघळवलेला सोडा घातला की फसफसून वर येतं, लगेच कोरड्यात ओतायचं. माझ्याकडे ओव्हन नाही, दिवाळीला नानकटाईचे ट्रे नेतो तशीच पावाच्या बेकरीत नेते. पाव निघाल्यावर भट्टी उतरत्या आचेवर असते, तीच याला योग्य.

वेंगुर्ला

काकवी कसली भारी कल्पना आहे! पावसाळ्याचं विचारलंय बऱ्याच जणांनी म्हणून सांगते, जून ते सप्टेंबर काहीही केलं तरी सादळतं, तेव्हा थोडंच करा, पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि मऊ पडलीच तर स्पेकुलास आणि अँझॅक १५० डिग्रीला पाच सात मिनिटं परत टाकून गार करा, कुरकुरीत होतात. नापोलितेनला हा उपाय नाही, आयसिंग वितळेल, ती दिवाळीनंतरच करावी. साच्याची मापं हवी असतील त्यांना देते, आणि रत्नागिरीच्या ताईंनी मामूलच्या रव्याला तुपाचं प्रमाण नक्की किती ते लिहा ना प्लीज.