वाडीतील हंगामी कामे दोघांत कशी वाटून घ्यावीत?

प्रश्न

घोडबंदर रस्त्यालगत ओवळ्याजवळ आमची साधारण ३५ गुंठ्यांची वडिलोपार्जित वाडी आहे आणि तिथल्या जुन्या घरात आम्ही दोघेच राहतो. आंब्याची ११ कलमे, २३ माड, दोन फणस, एक देशी बदाम आणि कुंपणाला घाणेरी-रानमोडीचे रान, एवढा पसारा आहे. मी ६१ वर्षांचा, पत्नी ५७ वर्षांची. पावसाआधी चर मोकळे करणे, वाळलेल्या फांद्या उतरवणे आणि यंत्राने गवत कापणे ही ‘मोठी’ कामे माझी, बाकीची ‘किरकोळ’ तिची, अशी आमची आजवरची वाटणी होती.

यंदा कमरेचे दुखणे बळावल्यामुळे मला वजन उचलण्याची मनाई झाली, म्हणून कामे नव्याने वाटण्यासाठी आम्ही तिची वाडीची वही उघडली. पाडेली (माडावर चढून नारळ उतरवणारा) कधी आला, किती नारळ उतरले, शेणखताची गाडी कुठे रिकामी केली, कोणत्या मजुराचे किती देणे राहिले, हे सगळे तिने सहा वर्षे तारीखवार लिहून ठेवले आहे. माझ्या कामांवर लाल आणि तिच्या कामांवर निळी खूण करत गेलो, तेव्हा लाल खुणा मे-जून आणि ऑक्टोबरमध्येच दाटलेल्या दिसल्या. निळी खूण नाही असे पान मात्र सापडले नाही. हे पाहून मला मनापासून वाईट वाटले. आता तिच्यावर आणखी भार न टाकता वाटणी कशी करावी?

उत्तर १ (येऊरच्या पायथ्याशी राहणारी)

आम्हीही आधी कामांची यादी करून वाटणी केली होती, पण ती टिकली नाही, कारण काम कोणीही केले तरी त्याची आठवण मलाच ठेवावी लागे. ‘मला सांग, मी करतो’ असे यजमान म्हणत आणि ते खरेच करत. पण सांगणे हेही एक काम आहे, हे मला त्यांना समजावून द्यावे लागले. आता आम्ही जागाच वाटली आहे. विहिरीपासून फाटकापर्यंतचा भाग त्यांचा, मागची बाजू माझी. ज्याचा भाग, त्याने मजूर बोलवायचा, खत आणायचे आणि चर तुंबला तर पाहायचे. पहिल्या वर्षी त्यांच्या बाजूचे गवत गुडघ्याच्याही वर गेले होते, तरी मी काही बोलले नाही. ते न बोलणेच सर्वांत अवघड गेले.

उत्तर २ (बागायतदार, बेलापूर)

कामाची वेळ साधली तर मेहनत बरीच वाचते. गवत फुलोऱ्यावर येऊन बी पडण्यापूर्वी कापावे, म्हणजे पुढच्या वर्षीचा जोर कमी होतो. गाजर गवत मात्र फुलण्याआधी हातमोजे घालून मुळासकट उपटावे, कारण त्याने अंगाला खाज सुटते. यंत्र खांद्याला अडकवून दिवसभर वाकण्याचे काम आता आपण दोघांनीही करू नये, त्यासाठी माणूस लावावा. पावसात वाडीत उतरताना गमबूट घातलेच पाहिजेत. साप-विंचवाइतकीच लेप्टोची (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते आणि पायाला जखम असेल तर ती अधिक.

पाचोळा जाळू नये. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली असून ५,००० रुपये दंड ठरवला आहे. शिवाय तोच पाचोळा कलमांच्या आळ्यात, खोडापासून थोडा दूर पसरला तर उन्हाळ्यात ओल टिकते आणि पाण्याच्या पाळ्या कमी होतात, म्हणजे पत्नीच्या रोजच्या कामातले एक काम हलके होते. फांद्या तोडण्यापूर्वी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी; १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या जागेतील झाडांनाही ती लागते. हे अर्ज-कागदांचे काम बसून होते, तेव्हा ते आपण घ्यावे. कापलेल्या जागी बुरशी लागू नये म्हणून लावायची बोर्डो पेस्टही आपण करू शकाल: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना निम्म्या-निम्म्या पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करावेत.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दोघांचेही आभार. काल रात्री पत्नीला हे वाचून दाखवले. जागा वाटण्याची कल्पना तिला पटली, परंतु माड सगळेच तिच्या बाजूला येतात, म्हणून नारळ उतरवण्याचा हिशेब आणि पाडेलीला बोलावणे माझ्याकडे, असे ठरले. वहीतून त्याचा नंबर उतरवून घेतला आहे. तो सकाळी सातच्या आत किंवा रात्री आठनंतरच फोन उचलतो, हे त्याच्या नावापुढे तिने लिहून ठेवलेले होते. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवला तर चालेल का, की प्लास्टिकचीच हवी?

उत्तर २ (बागायतदार, बेलापूर)

प्लास्टिकचीच घ्यावी. मोरचूदाने लोखंड खाल्ले जाते आणि मिश्रणही बिघडते. भिजवलेले मिश्रण त्याच दिवशी वापरून संपवावे.