मदत हवी आहे: एलपी तीच, पण गाणारा पुरुष हवा

रविवारची_घाई: रविवारी मामाची पंचाहत्तरी. कॉलेजात असताना त्याच्याकडे एक एलपी होती, घर बदलताना गेली. त्यातलं 'यू हॅव गॉट अ फ्रेंड' अजून गुणगुणतो. मी 'टॅपेस्ट्री' मागवली, लावून पाहिली तर बाई गातेय! आडून विचारलं तर म्हणतो, "छे, बाप्याचा आवाज होता." दुकानदार परत घेत नाही. योग्य एलपी कोणती?

मंद्रसप्तक: आलेल्या एलपीवर खिडकीत अनवाणी बसलेली बाई आणि पुढे मांजर आहे का?

रविवारची_घाई: आहे. मांजराचा काय संबंध?

मंद्रसप्तक: मग ती कॅरोल किंगचीच. गाणं तिनेच लिहिलंय, बाई गाणारच.

सुईवाला: प्लेअर एलपीच्या वेगावर, ३३ वरच आहे ना? मामांचा तेव्हा हळू फिरत असेल. पट्टा सैल झाला की बाईचाही बाप्या होतो. माझ्याकडे झालंय.

बोरिवली_स्लो: एलपीचा हट्ट कशाला? फोनवर लावा, दोन मिनिटांचं काम.

सुईवाला: फोनवर ऐकणाऱ्यांनी या धाग्यावर येऊच नये.

शुक्रतारा: अवांतर, पण पंचाहत्तरीला इंग्रजी? अरुण दाते लावा, अख्खा हॉल गाईल.

जुना_गिटारवाला: जेम्स टेलर! डोळे मिटून 'स्वीट बेबी जेम्स' घ्या.

मंद्रसप्तक: गायक बरोबर, एलपी चूक. ती १९७० ची, त्यात हे गाणंच नाही. घाई, मामांना विचारा, गाणं कुठल्या बाजूला, कितवं? 'टॅपेस्ट्री'त दुसऱ्या बाजूचं पहिलं आहे.

रविवारची_घाई: पहिल्या बाजूचं दुसरं म्हणतो. पहिलं गाणं आवडायचं नाही, सुई उचलून पुढे ठेवायचा. तिथे चराच पडला होता म्हणे.

मंद्रसप्तक: मिळाली! जेम्स टेलर, 'मड स्लाइड स्लिम अँड द ब्लू होरायझन'. दोन्ही एलपी १९७१ च्या. हे गाणं टेलरच्या आवाजात अमेरिकेत एक नंबरला गेलं, आणि गंमत म्हणजे 'टॅपेस्ट्री'वर गिटारलाही तोच आहे. दोन्हींत मागे जोनी मिचेल गायलीय. आलेली परत करू नका, दोन्ही पाठोपाठ लावा.

जुना_गिटारवाला: गायक मी आधी सांगितला होता.

शुक्रतारा: हॉलमध्ये रेकॉर्ड प्लेअर आहे का पण?

रविवारची_घाई: प्लेअर मी नेतोय. शनिवारपर्यंत कुठे मिळेल तेवढं सांगा ना.

सुईवाला: राहता कुठे ते आधी सांगा!