अनुभव धागा: देवाच्या जागी मी काय बसवलं होतं?

जय ख्रिस्त मंडळी.

मूर्तिपूजेचा विषय निघाला की आपण निर्धास्त असतो. घरात मूर्ती नाही, विषय संपला. पण बायबलमधल्या गणना 21 मधला पितळेचा साप आठवा. देवानेच सांगितलं म्हणून मोशेने तो केला, आणि साप चावलेली माणसं त्याच्याकडे पाहून वाचली. पुढे शेकडो वर्षांनी हिज्कीया राजाला तोच साप फोडावा लागला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते (2 राजे 18:4). देवाने दिलेल्या वस्तूचंच असं झालं, याची मला धास्ती वाटते. तुमच्याकडे असं काय होतं? दुसऱ्याच्या धर्माबद्दल किंवा दुसऱ्या मंडळीबद्दल (चर्चबद्दल) नको, फक्त स्वतःचं लिहा. माणसांची नावंही नकोत.

सुरुवात मी करते. धुळ्याची आहे. एका सभेत मिळालेली प्रार्थनेच्या तेलाची बाटली माझ्या पर्समध्ये कायम असायची. बोटाएवढी, निळ्या झाकणाची. आईला शुगर होती. पायाला जखम झाली तेव्हा रोज रात्री मी तेल लावायची, आणि दवाखाना पुढे ढकलत राहिले. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास, असं मला वाटायचं. शेवटी दोन बोटं काढावी लागली. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, ते मी आजही मानते. पण तेव्हा बाटली संपत आली की मला घाम फुटायचा. प्रार्थना चुकली तर कधीच नाही फुटला. आईने मला एका शब्दाने बोल लावला नाही. तिच्या पायाची पट्टी बदलताना मला वर बघवायचं नाही.

चोपडा तालुका, केळी उत्पादक

ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून लिहितो. चार हजार खोडांची मृगबाग, म्हणजे मृगाच्या पावसावर लावलेली केळी, होती. उपासनेतही मोबाइलवर बऱ्हाणपूरचा बोर्ड भाव (केळीचा जाहीर होणारा बाजारभाव) बघायचो. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, देवाला द्यायचो, पण आधी घडांचा हिशोब मांडून. माय म्हणायची, "भाऊ, तू प्रार्थना देवनी करस, पन तुना जीव ते बोर्डना भावमा शे." मी हसण्यावारी न्यायचो.

मग जूनच्या वादळात अर्ध्याहून जास्त बाग आडवी झाली. घड कापणीला आले होते. चिखलात मोडलेली खोडं, त्यातून गळणारं पाणी, आणि मी बांधावर बसलेलो. वादळ ही शिक्षा होती असं मी म्हणत नाही, शेजारच्या बागाही पडल्या. पण पुढचे पंधरा दिवस माझ्या तोंडून प्रार्थना निघेना, जणू ऐकणाराच गेला. तेव्हा कळलं मी कोणाशी बोलत होतो. लोभ म्हणजे मूर्तिपूजाच, हे कलस्सैकरांस पत्रात (3:5) किती वेळा वाचलं होतं! बाग पुन्हा लावली आहे. रविवारी फोन माय आपल्या पिशवीत ठेवते.

नवापूरकडचा, मंडळीचा जुना पंच

1998 साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आमचं प्रार्थनाघर कुडाचं होतं. पावसात गळायचं आणि आम्ही एकमेकांना खेटून गायचो. पुढे पक्कं बांधायचं ठरलं. पाड्यावरच्या बायांनी मजुरीतून पैसे दिले, मी तीन वर्षं विटा-सिमेंटमागे धावलो. आणि कोनशिलेवर पंचांची नावं कोणत्या क्रमाने, यावरून भांडण झालं. भांडणारा मी होतो. माझा सख्खा चुलतभाऊ त्या दिवसापासून उपासनेला आला नाही.

शास्ते 8 मध्ये गिदोनाने लुटीतल्या कुंडलांच्या 1700 शेकेल सोन्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) केलं, लोक त्यालाच भजू लागले आणि ते त्याच्या घराण्याला फास झालं. हा तोच गिदोन, ज्याने बापाची बआल या दैवताची वेदी मोडली होती. मी हा भाग वाचतो तेव्हा पुढे जाववत नाही. शिला अजून भिंतीत आहे. भावाच्या घरी दोनदा जाऊन आलो.

जळगाव, एक आई

माझ्यासाठी मुलाची नीट (NEET), डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा. दोन वर्षं घरातली प्रत्येक प्रार्थना त्याच्या मार्कांसाठी होती. एके रात्री तोच म्हणाला, "मम्मी, आज माझं नाव घेऊ नको ना." एवढंच. जास्त लिहिता येत नाही.

भुसावळ, रेल्वे कॉलनी

मी वीस वर्षं मंडळीत पेटी वाजवली. लोक म्हणायचे, तुमच्या हातात अभिषेक आहे. मला ते खरं वाटायला लागलं. उपदेश चालू असताना मी पुढच्या भजनाची पट्टी मनात लावत असायचो, प्रभुभोजनाच्या वेळीसुद्धा. कोणी माझ्या जागी बसलं की पोटात कालवायचं. गेल्या पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) पाळकसाहेबांना सगळं सांगितलं आणि पेटी एका शिकाऊ पोरीकडे दिली. आता तिसऱ्या बाकावर बसतो. ती काळी चार धरायच्या जागी काळी पाच, म्हणजे वरची पट्टी, धरते, वरच्या ओळीला बायांचा आवाज फाटतो, आणि माझी बोटं मांडीवर आपोआप हलतात. मग मी दोन्ही हात बाकाखाली घेतो आणि गातो.