आशियाई चषक, दोहा : एकाच दिवशी दोन सामने जमतील का?

माळरान :
जानेवारी 2024 मधील फुटबॉलच्या आशियाई चषकासाठी मी सत्तरीच्या वडिलांना घेऊन कतारमध्ये दोह्याला जाणार आहे. भारताचे ऑस्ट्रेलिया (13 जानेवारी) आणि उझबेकिस्तान (18 जानेवारी) यांच्याविरुद्धचे सामने अहमद बिन अली स्टेडियमवर आहेत, तर सीरियाविरुद्धचा सामना 23 तारखेला अल बैत स्टेडियमवर आहे. दोहा आटोपशीर शहर आहे असे सगळेच सांगतात. मग 23 तारखेचा दुपारी अडीचचा भारताचा सामना पाहून संध्याकाळी सहाचा इराण–अमिराती सामना एज्युकेशन सिटी स्टेडियमला गाठता येईल का? मुक्काम कुठे करावा?

खाडीकाठ :
दोहा आटोपशीर आहे ते मेट्रोपुरते, आणि अल बैत मेट्रोच्या टप्प्यात येत नाही. ते अल खोरला, शहराच्या उत्तरेस 35 किलोमीटरहून दूर आहे. सामना साडेचारच्या आसपास संपेल. त्यानंतर बसची रांग, बसने लुसैल मेट्रो स्थानक, तिथून लाल मार्गाने मशेरिब आणि तिथे गाडी बदलून हिरव्या मार्गाने एज्युकेशन सिटी, एवढे सगळे दीड तासात बसवणे वडिलांना घेऊन तरी शक्य दिसत नाही. मुक्काम मशेरिब किंवा सूक वाकिफ परिसरात करावा, कारण मेट्रोचे तिन्ही मार्ग मशेरिबला मिळतात आणि अहमद बिन अलीसाठी हिरव्या मार्गाचे शेवटचे अल रिफा स्थानक स्टेडियमला लागूनच आहे. दिवसभराचा पास 6 रियालला मिळतो.

तिसरा पंच :
दोन सामन्यांची हौस 18 तारखेला भागवावी, असे मी सुचवेन. त्या दिवशी अडीच वाजता जासिम बिन हमदवर, म्हणजे शहरातच, सीरिया–ऑस्ट्रेलिया आहे आणि साडेपाचला भारत–उझबेकिस्तान. आपल्याच गटातले चारही संघ एका दिवसात पाहायला मिळतात, जे मला इराणच्या सामन्यापेक्षा मोलाचे वाटते. मात्र पहिल्या सामन्यातून शेवटची पाचेक मिनिटे सोडून निघण्याची तयारी हवी. 2022 च्या विश्वचषकात मी पाहिले ते असे की, सामना सुटल्यावर स्थानक समोर दिसत असूनही कठड्यांमधून नागमोडी फिरवूनच आत सोडत. (उंच खुर्चीवर बसून, हातात फोमचा भलामोठा पंजा घेऊन मेट्रोची वाट दाखवणारी मुले तेव्हा फार लोकप्रिय झाली होती.) दुसऱ्या सामन्यात मात्र वडिलांसाठी शेवटच्या शिट्टीनंतर अर्धा तास जागेवरच बसून राहणे उत्तम.

खाडीकाठ :
सहमत. अल बैतलाही तेच करावे, आणि जाकीट सोबत ठेवावे. जानेवारीत सूर्य कलल्यावर तिथे बसची वाट पाहताना वारा चांगलाच झोंबतो.