क्राफ्टिंगसाठी माल स्वतः गोळा करावा की ऑक्शन हाउसमधून विकत घ्यावा?

ताम्रपट :

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाच्या क्लासिक सर्व्हरवर (म्हणजे खेळाच्या मूळ, जुन्या स्वरूपात) नव्याने येणाऱ्याला प्रोफेशनविषयी, म्हणजे पात्राने शिकायच्या कामधंद्यांविषयी, एक सल्ला हमखास मिळतो. मुख्य प्रोफेशनच्या जागा दोनच असल्यामुळे त्या दोन्ही गोळा करण्याच्या कामांना द्या, म्हणजे मायनिंग (धातू खणणे) आणि स्किनिंग (कातडी काढणे) घ्या, मिळेल तो माल विका, आणि साठाव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोहोचल्यावर त्यातले एक सोडून देऊन, जमलेल्या गोल्डमधून लागेल तेवढा माल ऑक्शन हाउसमधून, म्हणजे खेळाडू आपसात माल विकतात त्या बाजारातून, खरेदी करून ब्लॅकस्मिथिंग (लोहारकाम) किंवा इंजिनिअरिंगचे स्किल एका बैठकीत 300 पर्यंत, म्हणजे कमाल मर्यादेपर्यंत न्या. माझे मत याच्या उलट आहे. ज्याला ब्लॅकस्मिथ व्हायचे आहे त्याने सुरुवातीपासून मायनिंग आणि ब्लॅकस्मिथिंग हीच जोडी घ्यावी आणि स्वतः खणलेल्या मालावर दोन्ही स्किल बरोबरीने वाढवावीत.

पहिले कारण असे की तांब्याचे आणि ब्रॉन्झचे चिलखत ज्या लेव्हलला अंगावर घालण्याजोगे असते, त्याच लेव्हलला ते बनवण्यात अर्थ आहे. साठाव्या लेव्हलला भट्टीपाशी उभे राहून हीच चिलखते डझनावारी बनवणारा खेळाडू ती सगळी व्हेंडरच्या, म्हणजे खेळातल्या दुकानदाराच्या, गळ्यात मारतो आणि मिळेल ती चिल्लर घेतो. शार्पनिंग स्टोनचेही तसेच आहे. हत्याराला लावला की अर्धा तास प्रत्येक घावाला थोडी भर पडते. दहाव्या-बाराव्या लेव्हलच्या वॉरियरला ती जाणवते, साठाव्या लेव्हलच्या वॉरियरला तसल्या रफ दगडाचा काडीचा उपयोग नाही.

दुसरे कारण म्हणजे दगड, आणि विकत घेण्याची शिफारस करणारे त्यांच्याबद्दल फारसे बोलत नाहीत. तांब्याचा नोड (धातूचा साठा) खणताना धातूबरोबर रफ स्टोन मिळतात, टिनमधून कोर्स आणि लोखंडातून हेवी. दोन रफ स्टोनचा एक रफ ग्राइंडिंग स्टोन होतो, दोन कोर्स स्टोनचा कोर्स आणि तीन हेवी स्टोनचा हेवी. ब्लॅकस्मिथिंगच्या स्किलचे कितीतरी गुण एवढ्याशा खर्चात पदरात पडतात, शिवाय हेच ग्राइंडिंग स्टोन पुढच्या रेसिपींना (वस्तू बनवण्याच्या कृतींना) लागतात. ऑक्शन हाउसमध्ये मात्र दगड पुरेसे मिळतीलच असे नाही, कारण खणणाऱ्याला ते विकायला ठेवण्याचा खटाटोप परवडत नाही आणि बॅगेत जागा हवी म्हणून तो ते व्हेंडरला देऊन मोकळा होतो.

तिसरे कारण टिन. सर्व्हर जुना झाला, बहुतेक खेळाडू साठाव्या लेव्हलला पोहोचले, की थोरियम या वरच्या लेव्हलच्या धातूचे ढीग लागतात आणि टिनला भाव चढतो, कारण वेटलँड्स किंवा हिल्सब्रॅड या प्रदेशांत टिन खणत फिरणारे उरतच नाहीत. जो खेळाडू क्वेस्ट (खेळाने दिलेल्या कामगिऱ्या) करत त्या भागातून जाणारच आहे, त्याला हे टिन वाटेवर मिळते.

हिशेबनीस :

मांडणी नेटकी आहे, पण तिचा पाया कच्चा आहे. स्वतः खणलेला माल फुकट असतो, हे आपण कुठेही उघड लिहिलेले नाही, तरी तीनही मुद्दे त्याच गृहीतकावर उभे आहेत. रत्नागिरीचा बागायतदार स्वतःच्या बागेतला हापूस घरी खातो तेव्हा त्याला तो फुकट वाटला तरी पेटीचा गेलेला पैसा गेलेलाच असतो. आपण ज्या लोखंडाची ब्रेसर (चिलखताची मनगटपट्टी) बनवून व्हेंडरला दिलीत, ते लोखंड त्या दिवशीच्या भावाने विकता आले असते.

चाळिसाव्या लेव्हलला रायडिंग आणि घोडा मिळून सुमारे 100 गोल्ड लागते. क्लासिकमध्ये ही रक्कम मोठी आहे, आणि बरेच खेळाडू ती हाती नसल्यामुळे पुढच्या कित्येक लेव्हल पायी तुडवतात. ज्याने वाटेतले लोखंड आणि मिथ्रिल विकले तो चाळिसाव्या लेव्हललाच घोड्यावर बसतो आणि तिथून पुढे प्रत्येक क्वेस्ट, अगदी प्रत्येक नोडसुद्धा, त्याला लवकर गाठता येतो. ज्याने तो माल स्किलमध्ये घातला, त्याच्याजवळ 200 च्या आसपासचे ब्लॅकस्मिथिंग असते, ज्याच्या जोरावर कोणी गिऱ्हाईक दारात येत नाही.

दुसरी गोष्ट रेसिपीच्या रंगांची. नारिंगी रेसिपीने गुण नक्की मिळतो, पिवळीने बहुधा मिळतो, हिरवीने क्वचित, आणि राखाडीने कधीच नाही. त्यामुळे किती माल लागेल हे आधी अचूक सांगता येत नाही. विकत घेणारा ऑक्शन हाउसपासून भट्टीपर्यंत दोन मिनिटांत जाऊन येतो. स्वतः गोळा करणाऱ्याला पिवळ्या रेसिपीने हुलकावणी दिली की आयर्नफोर्ज शहर सोडून पुन्हा लोखंडासाठी आराथीची वाट धरावी लागते.

तांब्याचे चिलखत योग्य वेळी उपयोगी पडते हे खरे, पण क्वेस्टमध्ये मिळणारे चिलखत बहुतेक वेळा त्याच्या तोडीचे असते, हेही त्याच दमात लिहायला हवे होते.

पहाटेचा_ड्वार्फ :

हिशेबनीस यांचे गणित बरोबर आहे, पण त्यात तासाचा भाव सर्वांना सारखा धरला आहे, आणि तो तसा नसतो. भारतात या खेळाचे सर्व्हर नाहीत. आपल्यापैकी बहुतेक जण युरोपच्या नाहीतर ओशनिक सर्व्हरवर खेळतात. मी पुण्याहून युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. इथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा जर्मनीत पहाटेचे साडेतीन-साडेचार झालेले असतात, आणि त्या वेळी आराथी हायलँड्समध्ये मिनीमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) एकामागून एक पिवळे ठिपके, म्हणजे नोड, दिसत राहतात. तोच फेरा रात्री अकराला मारावा तर तिकडे संध्याकाळ ऐन भरात असते आणि एकेका नोडमागे दोन-तीन जण धावत असतात.

क्लासिकमध्ये एका नोडवर अनेकदा कुदळ मारावी लागते आणि प्रत्येक घावानंतर तो नोड पुन्हा सर्वांना खुला होतो. त्यामुळे गुहेतले कोबोल्ड आपल्या अंगावर आलेले असताना मागून कोणीतरी येतो, आपण त्यांच्याशी झुंजत असताना उरलेले घाव तो मारून नेतो, आणि आपल्या हाती एखादा धातूचा तुकडा आणि दोन दगड राहतात. संध्याकाळी खेळणाऱ्याने अशा परिस्थितीत माल विकत घेतला तर त्याला दोष देता येणार नाही. माझ्यासारख्याने मात्र तो का घ्यावा?

हिशेबनीस :

तुम्ही विकत घ्यावा असे मी म्हणत नाही. तुम्ही तो विकावा असे म्हणतो. सकाळी तुम्हाला जे लोखंड सहज मिळते, त्याला संध्याकाळी जर्मनीत गिऱ्हाईक तयार असते. ऑक्शन हाउस 5 टक्के कापून घेते, तेवढा खर्च सोसला की तुमच्या सकाळीला तिथल्या संध्याकाळचा भाव मिळतो. खणण्यात तुमचा वरचष्मा आहे म्हणून ब्रेसर ठोकण्यातही आहे असे होत नाही.

शिंपीणबाई :

या सगळ्या चर्चेत टेलरिंग कुठेच नाही, याचे आश्चर्य वाटते. टेलरिंगला गोळा करण्याचे वेगळे प्रोफेशनच लागत नाही. कापड माणसासारख्या शत्रूंकडून मिळते आणि ते मारायचे असतातच, त्यामुळे गोळा करावे की घ्यावे हा प्रश्न सुरुवातीला पडतही नाही. तो वूलपाशी पडतो. दोन लिननचा एक बोल्ट (कापडाचा तागा), तीन वूलचा एक, चार सिल्कचा एक, असे प्रमाण वाढत जाते, आणि वूल देणाऱ्या शत्रूंच्या लेव्हलचा पट्टा इतका अरुंद आहे की खेळाडू तो ओलांडून सिल्कच्या प्रदेशात कधी पोहोचतो ते कळत नाही. शिवाय फर्स्ट एडच्या पट्ट्यांना वूल सर्वांनाच लागते, म्हणजे ज्यांचा सुईदोऱ्याशी संबंध नाही तेही मागणीत भर घालतात.

माझा अनुभव असा की लिनन आणि सिल्क स्वतःचे वापरावे आणि वूल बिनदिक्कत विकत घ्यावे. जोडीला एन्चँटिंग (वस्तूंवर जादू चढवण्याचे काम) असेल तर शिवलेले हिरव्या दर्जाचे कपडे व्हेंडरला न देता डिसएन्चँट करावेत (मोडून त्यातून जादूचा माल काढावा), म्हणजे एका स्किलची रद्दी दुसऱ्या स्किलचा कच्चा माल होते. ब्लॅकस्मिथ मंडळी ज्या नुकसानीवर इतका वेळ भांडत आहेत, त्यातले बरेचसे तिथे भरून निघते.

जुना_पाहुणा :

हा वाद क्लासिकपुरता का उरला आहे, हे इथे सांगणे गरजेचे वाटते, कारण मूळ प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. मुख्य खेळाच्या 2014 च्या वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉर या एक्स्पान्शनमध्ये (मोठ्या विस्तारात) प्रत्येक खेळाडूला गॅरिसन, म्हणजे स्वतःचा तळ, मिळाले आणि त्यात स्वतःची खाण आणि औषधी वनस्पतींची बाग मिळाली. रोज लॉगिन करायचे, घरची खाण उपसायची आणि बाहेर पडायचे. परिणामी जगात हिंडून खणणाऱ्याला कोणी विचारेना. 2018 मध्ये बॅटल फॉर अझेरॉथच्या वेळी प्रोफेशनचे स्किल प्रत्येक एक्स्पान्शनपुरते वेगळे केले गेले, त्यामुळे नव्या खेळाडूला तांब्यापासून सुरुवात करण्याची सक्ती राहिली नाही. 2022 च्या 9.2.7 पॅचने धातू, वनस्पती, कापड अशा मालाचा बाजार संपूर्ण प्रदेशाचा (युरोपसारख्या भागातल्या सगळ्या सर्व्हरचा) एकच केला, म्हणजे एखाद्या ओसाड सर्व्हरवर टिनचा तुटवडा पडण्याची गोष्टच मिटली. त्याच वर्षाअखेर आलेल्या ड्रॅगनफ्लाइटमध्ये मालाला दर्जाच्या पायऱ्या आणि गिऱ्हाइकांच्या क्राफ्टिंग ऑर्डर आल्या.

क्लासिकमध्ये 1 ते 300 ही शिडी सलग आहे आणि प्रत्येक सर्व्हरचा बाजार स्वतंत्र आहे. म्हणून ताम्रपट यांचे टिनविषयीचे निरीक्षण मला पटते. परंतु सर्वांनी आपापला माल आपण खणावा, हा त्यांचा आग्रह मान्य केला तर आपण गॅरिसनच्याच वाटेने जातो. ज्या खेळात प्रत्येकाचे आपापले भागते, त्या खेळात कोणाला कोणाची गरज उरत नाही, आणि मग हजारो लोकांबरोबर एका सर्व्हरवर खेळण्याचे प्रयोजन काय?

ताम्रपट :

गॅरिसनचा दाखला इथे लागू पडत नाही. गॅरिसनमधली खाण दारातच होती. तिच्यासाठी ना वाट तुडवावी लागे, ना कोणाशी स्पर्धा करावी लागे. माझा आग्रह नेमका त्या वाट तुडवण्यासाठी आहे. बाजार बंद पडावा असे मी कुठेही म्हटलेले नाही. स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त खणलेले मीही विकतोच.

आणि स्वावलंबनाने खेळ मरतो म्हणावे, तर ओल्ड स्कूल रूनस्केप या दुसऱ्या ऑनलाइन खेळात 2014 पासून आयर्नमॅन हा प्रकार आहे, ज्यात खेळाडू इतरांशी व्यापार करूच शकत नाही. त्याला लागणारी प्रत्येक वस्तू तो स्वतः मिळवतो किंवा दुकानातून घेतो. कोणी सक्ती केलेली नसताना असंख्य लोक हे बंधन आपणहून पत्करतात, कारण हातात आलेली वस्तू कुठून आली हे त्यांना माहीत असणे त्यांना महत्त्वाचे वाटते. हिशेबनीस यांच्या वहीत या समाधानाला रकानाच नाही.

आणखी एक गोष्ट. ऑक्शन हाउसमध्ये रास्त भावात दिसणारा सगळा माल माणसांनीच खणलेला असतो असे नाही. एकाच वाटेने दिवसरात्र फिरणारे बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्राम) क्लासिकमध्ये कोणी पाहिले नाहीत असे नाही. तो माल विकत घेणाराही त्यांना पोसतो.

हिशेबनीस :

आयर्नमॅनचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तिथे विकण्याची सोयच नाही, म्हणून न विकल्याने काही बुडतही नाही. अशा ठिकाणी आपले मत शंभर टक्के बरोबर आहे. जिथे बाजार उघडा आहे तिथे ते बरोबर ठरण्यासाठी बाजाराकडे पाठ फिरवावी लागते. समाधानासाठी कोणी ते करत असेल तर माझी हरकत नाही, फक्त नवख्याला सल्ला देताना त्याची किंमत सांगावी.

बॉटविषयी सहमत आहे. दिसला की रिपोर्ट करावा. पण बॉट स्वस्तात विकतो म्हणून आपण खणावे, हा तर्क समजला नाही. माल स्वस्त असताना खणण्याची मजुरी आणखी कमी पडते.

नवखा_वॉरियर :

चर्चा वाचली. माझा अलायन्सचा ड्वार्फ वॉरियर 22 व्या लेव्हलवर आहे. मायनिंग 120 च्या वर गेले आहे, ब्लॅकस्मिथिंग मात्र 118 वर अडकले आहे, कारण ब्रॉन्झ संपले आणि ऑक्शन हाउसमध्ये टिनचा भाव पाहून घाम फुटला. घोड्यासाठी अजून काहीच साठवलेले नाही. नेमके काय करावे?

ताम्रपट :

वेटलँड्समध्ये क्वेस्ट करा. तुमच्या लेव्हलला तोच प्रदेश योग्य आहे आणि टिन तिथे भरपूर आहे. रेडरिज झाले नसेल तर तेही चालेल. मायनिंग 125 झाले की लोखंड खणता येईल, पण त्यासाठी थँडॉल स्पॅन हा पूल ओलांडून आत्ताच आराथीत शिरू नका. तिथले शत्रू तुम्हाला जड जातील.

हिशेबनीस :

टिनच्या भावाकडे पाहून घाबरण्याआधी ब्रॉन्झच्या बारचा भाव पाहा. एक तांबे आणि एक टिन स्मेल्ट केले (एकत्र वितळवले) की दोन ब्रॉन्झ बार निघतात, हे पुष्कळ विक्रेते विसरतात किंवा त्यांना तेवढा हिशेब करण्याची सवड नसते, त्यामुळे कधी तयार बार कच्च्या मालापेक्षा स्वस्त पडतात, तर कधी नेमके उलट होते. 118 पासून 125 पर्यंत लागतील तेवढेच बार घ्या आणि तिथे थांबा. पुढे लोखंड मिळू लागले की ते घोडा घेईपर्यंत विका.

ताम्रपट :

लोखंड विकायचे तर विका, पण हेवी स्टोन विकू नका. 125 नंतर हेवी ग्राइंडिंग स्टोन शिकता येतो आणि 150 पर्यंतची वाट बरीचशी त्याच्यावर निघते.

हिशेबनीस :

हेवी स्टोनबाबत दुमत नाही. ते बँकेत ठेवा, बॅगेत ठेवलेत तर चुकून व्हेंडरला जातील.